मुलामागे जाणारा पैसा आणि शेजारची शाळा

२०१८ पर्यंत बंगळुरूच्या कष्टकरी वस्त्यांमध्ये उन्हाळा लागण्याच्या सुमारास एक ठरलेली धांदल असे. मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला असे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आईबाप सायबर कॅफेत किंवा बीईओच्या, म्हणजे क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्याच्या, कार्यालयात रांग लावत. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि निवड सोडतीने व्हायची. नंबर लागला, तर घरकाम करणाऱ्या बाईचं किंवा गवंड्याचं मूल जवळच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये बसणार. कर्नाटकात कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेला लोक सर्रास कॉन्व्हेंट म्हणतात. आठवीपर्यंतची त्या मुलाची फी सरकार भरणार.

२०१९च्या उन्हाळ्यात ही रांग ओसरली. आदल्या वर्षी शिक्षण हक्क कायद्याखाली राज्यात सुमारे दीड लाख जागा होत्या, त्या एकदम सतरा-अठरा हजारांवर आल्या. कायदा तोच होता. बदलला होता राज्याच्या नियमावलीतला चौथा नियम, आणि बदलही एका वाक्याचा होता : ज्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिथल्या विनाअनुदानित खासगी शाळेला या २५ टक्के जागा देण्याचं बंधन राहणार नाही. बंगळुरूसारख्या शहरात सरकारी किंवा अनुदानित शाळा नसलेला वॉर्ड शोधावाच लागतो. त्यामुळे शहरापुरती ही योजना जवळजवळ संपली.

सरकारी पैसा मुलाच्या मागे खासगी शाळेत जावा, की सरकारी शाळेतच राहावा? जगात सत्तर वर्षं ‘स्कूल व्हाउचर’च्या नावाने हा वाद चालू आहे. बंगळुरूने त्याची दोन्ही उत्तरं सात-आठ वर्षांच्या आत अनुभवली. आधी पैसा मुलामागे पाठवला, मग परत बोलावला. दोन्ही वेळा मूल केंद्रस्थानी असल्याचं सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा एक गोष्ट करायची राहून गेली. ती गोष्ट कोणती, हे शोधण्यासाठी हा आढावा.

तीन वाटा

शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करण्याच्या आपल्याकडे दोन वाटा जुन्या आहेत. एक, सरकारने स्वतः शाळा चालवायची. दोन, शाळा चालवणाऱ्या संस्थेला अनुदान द्यायचं. दुसऱ्या वाटेला १८५४च्या वुडच्या खलित्याने मान्यता दिली. आज महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ज्यांना आपण अनुदानित शाळा म्हणतो, त्यांचं मूळ तिथे आहे.

यातला न्यायाचा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत रोखठोक विचारला तो जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिलं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. पैसा कोण देतो आणि कोणाच्या मुलावर खर्च होतो, ही आजच्या वादातली कळीची बाब त्यांनी तेव्हाच मांडली होती.

त्यानंतरची पावलं संस्थानांनी टाकली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो संस्थानभर नेला. १९११मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडलेलं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मंजूर झालं नाही. पण १९१३मध्ये म्हैसूर संस्थानाने तसा कायदा केला आणि १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आजचं बंगळुरू त्या म्हैसूर संस्थानाचाच वारसा आहे. या सगळ्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. मूल जिथे राहतं तिथे शाळा उभी करायची आणि तिची जबाबदारी राज्याने घ्यायची.

तिसरी वाट अमेरिकेतल्या मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९५५च्या एका निबंधात सुचवली. शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, पण शाळा सरकारनेच चालवाव्यात असं नाही. प्रत्येक मुलाच्या पालकाला ठरावीक रकमेचं व्हाउचर द्यावं आणि पालकाने ते पसंतीच्या शाळेत वटवावं, असा त्याचा गाभा होता. ग्राहक हातातून गेला की दुकानदार सुधारतो, तशा शाळा सुधारतील, ही त्यामागची अपेक्षा.

चिली, स्वीडन, अमेरिका

ही अपेक्षा सर्वांत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली ती चिलीत. पिनोशेच्या लष्करी राजवटीने १९८१मध्ये देशभर व्हाउचर लागू केलं. तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलं सरकारी शाळांत होती. तीन दशकांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली गेलं. शाळांची संख्या वाढली, पण देशाची सरासरी गुणवत्ता त्यामुळे उंचावल्याचा ठोस पुरावा संशोधकांना मिळाला नाही. मुलांची वर्गवारी मात्र ठळक दिसली. बऱ्या परिस्थितीतली मुलं अनुदानित खासगी शाळांकडे गेली आणि गरीब मुलं महापालिकेच्या शाळांत उरली. शाळांना पालकांकडून वर फी घ्यायची आणि मुलं निवडून घ्यायची मुभा होती, हे त्याचं मोठं कारण. २००६ आणि २०११मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २००८मध्ये गरीब मुलांसाठी जास्त रक्कम देण्याचा कायदा झाला आणि २०१५च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांची निवड, वरची फी आणि नफा यांना टप्प्याटप्प्याने बंदी केली.

स्वीडनने १९९२मध्ये ही वाट धरली. तिथे वर फी घेता येत नाही, पण नफा काढता येतो. शाळा चालवणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात गेल्या. २०१३मध्ये त्यातली एक मोठी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा हजारो मुलांना नवी शाळा शोधावी लागली.

अमेरिकेत १९९०मध्ये मिलवॉकी शहरात गरीब कुटुंबांसाठी व्हाउचर सुरू झालं. धार्मिक शाळांतही ते वापरता येईल, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये दिला. गेल्या काही वर्षांत मात्र दिशा पालटली आहे. ॲरिझोनाने २०२२मध्ये पात्रतेच्या अटीच काढून टाकल्या आणि टेक्सासने २०२५मध्ये १ अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. गरिबाला दार उघडण्यासाठी आलेली कल्पना सर्वांसाठी झाली, की आधीच खासगी शाळेत असलेल्या मुलाची फीसुद्धा सरकारी तिजोरीतून जाऊ लागते.

या तीन देशांकडे पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. व्हाउचर बरं की वाईट, हे त्याच्या अटी ठरवतात. शाळेला मूल नाकारता येतं का, वर फी घेता येते का, रक्कम कोणाला मिळते आणि मागे उरलेल्या शाळेचं काय होतं, हे चार प्रश्न सोडून व्हाउचरवर मत देता येत नाही.

आपलं व्हाउचर

भारतात व्हाउचर या नावाने झालेले प्रयोग छोटे होते. दिल्लीत सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी या संस्थेने २००७मध्ये ४०८ मुलांना वर्षाला ३,६०० रुपयांपर्यंतची व्हाउचर दिली. खरं मोठं पाऊल नाव न घेता पडलं. १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(सी)ने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायला सांगितल्या. सरकारी शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी असेल ती सरकारने शाळेला द्यायची.

फ्रीडमनच्या व्हाउचरपेक्षा याची घडण वेगळी आहे. शाळेला मुलं निवडता येत नाहीत, सोडत लागते. पालकांकडून फी घेता येत नाही. आणि कायद्यामागचा हेतू शाळांची स्पर्धा हा नव्हता. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसावीत, हा होता. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने मांडलेल्या समान परिसर शाळेची ही अपुरी, पण प्रामाणिक छाया म्हणता येईल.

१२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम दोन विरुद्ध एक मताने वैध ठरवलं. न्यायमूर्ती राधाकृष्णन यांनी वेगळं मत नोंदवलं. राज्याने आपलं कर्तव्य विनाअनुदानित खासगी संस्थांवर ढकलू नये, हा त्या मताचा रोख होता. पुढे ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळलं. त्याच दिवशी घटनापीठाचा दुसरा निकाल आला, तो थेट कर्नाटकाविषयी होता : प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम राज्याला सक्तीचं करता येणार नाही. एका निकालाने अनेक नामवंत शाळांची दारं या जागांसाठी बंद झाली, दुसऱ्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुढचा शेवटचा अडसर दूर झाला. बंगळुरूच्या शाळांच्या बाजारपेठेवर या एका दिवसाचा परिणाम खोल आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी अल्पसंख्याक शाळांच्या या सरसकट सवलतीबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला.

बंगळुरूची सात वर्षं

कर्नाटकात २०१२-१३पासून २०१८-१९पर्यंत सात तुकड्या या जागांवर शिरल्या. सुरुवात कडवट झाली. जुलै २०१२मध्ये खासगी शाळांच्या एका संघटनेने आठवडाभर शाळा बंद ठेवण्याची हाक दिली आणि त्याच दिवसांत, या जागांवर आलेल्या मुलांना ओळखू यावं म्हणून त्यांचे केस कापल्याच्या तक्रारीने शहर हादरलं. तपशिलांवरून वाद झाला, पण सहा वर्षांच्या मुलाला वर्गात काय सोसावं लागू शकतं याचा धडा सर्वांना मिळाला.

पुढच्या वर्षांत दोन तऱ्हेच्या शाळांचा अनुभव दोन तऱ्हेचा होता. पहिलीच्या मुलासाठी सरकार देत असलेली कमाल रक्कम आधी ११,८४८ रुपये आणि नंतर १६,००० रुपये होती, एलकेजीसाठी त्याच्या निम्मी. ज्या शाळेची फी लाखाच्या घरात, तिला हे पैसे अपुरे वाटत. वस्तीतल्या तळमजल्यावर चालणाऱ्या छोट्या शाळेला मात्र ही रक्कम आधार होती, कारण तिची फी याच्याच आसपास असे. आपल्याच परिसरातली मुलं सरकारी पैशाने तिच्याकडे येत. कधी उशिरा का होईना, पण येणारं हे बांधील उत्पन्न होतं.

पालकांचा अनुभवही सरळ नव्हता. कायद्यात शिक्षण मोफत, पण पुस्तकं, गणवेश, बस, स्नेहसंमेलन असे खर्च घरावर येत राहिले. आठवी संपली की हक्क संपतो. २०१२ला पहिलीत गेलेली पहिली तुकडी २०२०मध्ये नववीच्या दारात उभी राहिली ती टाळेबंदीच्या वर्षात. बापाची मजुरी थांबलेली आणि पहिल्यांदाच पूर्ण फी भरायची वेळ आलेली, असे ते दिवस होते.

तरी ही सात वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. दिल्लीतल्या खासगी शाळांवर गौतम राव या अर्थतज्ज्ञाने केलेला अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली सुखवस्तू मुलं अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी होतात, आणि त्यासाठी त्यांच्या अभ्यासाला मोठी किंमत मोजावी लागत नाही, असं त्यात दिसलं. एका बाकाचं मोल परीक्षेच्या गुणांत मावत नाही.

पण सोडतीचा फायदा सर्वांत गरिबाला झाला का? कर्नाटकातल्या सोडतीच्या अभ्यासात आढळलं, की नंबर न लागलेली बहुतेक मुलंही फी भरून खासगी शाळेतच गेली. गुणांत दोन गटांमध्ये फारसा फरक नव्हता. नंबर लागलेल्यांचा आत्मविश्वास तेवढा जास्त होता. छत्तीसगडच्या अभ्यासाचा सूरही असाच आहे. ज्याला ऑनलाइन अर्ज भरता येतो आणि दाखले मिळवता येतात, ते कुटुंब मुळातच खासगी शाळेच्या उंबरठ्यावर असतं. बांधकामाच्या जागेवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, उत्तर कर्नाटकातून किंवा बिहारमधून आलेल्या मजुराच्या हाती पत्त्याचा कागदच नसतो.

एकच नियम, दोन न्यायालयं

जानेवारी २०१९मध्ये चौथा नियम बदलला. सरकारी शाळा शेजारी असताना खासगी शाळेला पैसे का द्यायचे, आपल्याच शाळांची पटसंख्या त्यामुळे घटते, हा सरकारचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. सरकारी शाळा वाचवण्यासाठी झटणारी अनेक मंडळी वर्षानुवर्षं हेच सांगत होती. एज्युकेशन राइट्स ट्रस्ट आणि पालकांच्या संघटनेने बदलाला आव्हान दिलं. ३१ मे २०१९ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. शाळा पुरवणं हे आधी राज्याचं कर्तव्य आहे आणि खासगी शाळेतल्या जागा ही त्या कर्तव्याला दिलेली जोड आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पाच वर्षांनी महाराष्ट्राने तीच पायवाट धरली. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना सूट दिली. पुण्या-मुंबईतल्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी अधिसूचना रद्द केली : संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या नियमाने कापता येत नाही, आणि २५ टक्के जागांचं बंधन शेजारी सरकारी शाळा असण्यावर अवलंबून नाही. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

म्हणजे आज निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच केंद्रीय कायद्याचे दोन अर्थ नांदत आहेत. कागल तालुक्यातल्या मुलाला जो हक्क आहे, तो काही मैलांवरच्या निपाणीतल्या मुलाला बहुतेक ठिकाणी नाही. मला मुंबईचा निकाल कायद्याच्या अक्षराला अधिक धरून वाटतो. पण महाराष्ट्रालाही निर्धास्त होता येणार नाही. इथे प्रतिपूर्तीची रक्कम दरवर्षी एका मुलामागे १७,६७० रुपये ठरली आहे, ती कोविडच्या काळात ८,००० रुपयांवर आणली गेली, आणि थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याचं शाळांच्या संघटना सांगतात. हक्क न्यायालयात जिंकला आणि तिजोरीत अडला, तर शाळेचा राग अखेर त्या मुलावरच निघतो.

आंध्रातला धडा

खासगी शाळा खरोखर जास्त शिकवते का? याचं भारतातलं सर्वांत काटेकोर उत्तर शोधण्यात बंगळुरूच्याच अझीम प्रेमजी फाउंडेशनचा हात होता. अविभाजित आंध्र प्रदेशात ५ जिल्ह्यांतल्या १८० गावांत २००८पासून चार वर्षं सोडतीने व्हाउचर देऊन मुलांचा मागोवा घेतला गेला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये मांडले. तेलुगू आणि गणितात व्हाउचर मिळालेली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. हिंदीत पुढे गेली, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी शिकवलीच जात नव्हती. मात्र खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता.

या एकाच प्रयोगातून दोन बाजूंनी आपापला पुरावा उचलला. बाजारवादी म्हणाले, तेच फळ तिप्पट स्वस्तात मिळतं. फाउंडेशनशी संबंधित डी. डी. करोपाडी यांनी २०१४मध्ये लिहिलं, की ग्रामीण वंचित मुलांना या निवडीने शिकण्यात लाभ झालेला नाही. दोघंही खरं बोलत आहेत. पण स्वस्त कशामुळे, हे विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. छोट्या खासगी शाळेची बचत मुख्यतः शिक्षिकेच्या पगारातून येते. वस्तीतलीच बी.ए. झालेली तरुणी तुटपुंज्या पगारावर चाळीस मुलं सांभाळते. आणि सरकारही आता हीच बचत शिकलं आहे. कर्नाटकच्या सरकारी शाळांत हजारो अतिथी शिक्षक महिना दहा-बारा हजार रुपयांच्या मानधनावर उभे आहेत.

सहा मुलं गेली की

दरडोई खर्चाची तुलना करताना आणखी एक गोष्ट निसटते. समजा, एका सरकारी प्राथमिक शाळेत ६४ मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९०पर्यंत तीन. म्हणून इथे तीन शिक्षक आहेत. शाळेचा वर्षाचा खर्च २० लाख धरला, तर एका मुलामागे ३१,२५० रुपये पडतात. १४ मुलं कॉन्व्हेंटला गेली आणि ५० उरली, तर इमारत, स्वयंपाकीण, वीजबिल, पगार सगळं तसंच राहतं आणि तोच आकडा ४०,००० होतो. शाळा तीच, शिक्षक तेच, पण ती अचानक ‘महाग’ ठरते.

पुढची पायरी याहून वाईट. १४ कशाला, सहाच मुलं गेली तरी पट ५८ होतो आणि तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्याची बदली होते. आता पाच इयत्ता दोन शिक्षकांकडे. हे पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. उरलेली मुलं कोणाची असतात? ज्यांच्या आईबापांना रांग लावायला रोजगार बुडवता येत नाही, त्यांची. पैसा मुलामागे गेला की मागे राहिलेल्या मुलाच्या वाट्याची शाळा आकसते. व्हाउचरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. तशीच या शाळेत मूल घालायला सांगणाऱ्यांनी तिसऱ्या शिक्षकाची हमी द्यायला हवी.

पालकाला काय हवं

पालक सरकारी शाळा सोडतात, त्यामागे इंग्रजीची ओढ मोठी आहे. १९८२च्या गोकाक आंदोलनाने कन्नडचं स्थान शाळेत पक्कं करण्याचा आग्रह धरला. चार दशकांनी त्याच राज्याला २०१९पासून एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडावे लागले. ज्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, तिथल्या मुलाला पहिलीपासून सगळं इंग्रजीत शिकवलं तर पाया कच्चा राहतो, हे शिक्षणतज्ज्ञ सांगतात. पण आयटी कंपनीच्या काचेच्या इमारतीबाहेर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने रोज पाहिलेलं असतं, की आत कोणती भाषा चालते. त्याच्या निवडीला अडाणीपणा म्हणायचा अधिकार आपल्यापैकी कोणाला नाही, कारण आपली मुलं आपण कुठे घातली ते आपल्याला ठाऊक आहे.

मराठी वाचकासाठी हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीत आणखी जवळ येतो. तिथल्या सरकारी मराठी शाळा कर्नाटक सरकारच चालवतं. मराठी शाळेचा पट आधीच बेताचा असतो. एका बाजूला कन्नड शाळा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी कॉन्व्हेंट. वर मांडलेला ६४ आणि ५८चा हिशेब तिथे २२ आणि १७चा होतो, आणि शाळा बंद पडली तर त्या गावातलं मराठी लिहिणं-वाचणंही एका पिढीत आटतं. मुलामागे पैसा पाठवणाऱ्या योजनेत मूल मोजलं जातं, भाषा मोजली जात नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये कर्नाटकच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने मुख्यमंत्र्यांना अहवाल दिला. आयोगाचे अध्यक्ष महाराष्ट्राचे ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेतून शिक्षण आणि शिक्षणाच्या आणखी खासगीकरणाला आळा, अशी त्याची दिशा आहे. दिशा मला पटते. पण कर्नाटकला दिशा २०१९मध्येही मिळाली होती.

राहून गेलेली गोष्ट

२०१९मध्ये सरकारने म्हटलं, शेजारी सरकारी शाळा आहे, मूल तिथे घाला. ‘आहे’ या शब्दाचा अर्थ मात्र कुठे सांगितला नाही. पाच इयत्तांना दोन शिक्षक असलेली शाळा ‘आहे’ का? पूर्वप्राथमिक वर्ग नसल्यामुळे चार वर्षांच्या मुलाला जिथे प्रवेशच नाही, ती ‘आहे’ का? मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसलेली शाळा ‘आहे’ का? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेचे निकष लिहिलेले आहेत. खासगी शाळेला सूट द्यायचीच असेल, तर ती शेजारची सरकारी शाळा या निकषांत पूर्ण बसल्यानंतरच मिळावी. शाळा निकषात बसेपर्यंत मुलाचा खासगी जागेवरचा हक्क कायम राहावा. असा नियम असता, तर खासगी शाळांनीच सरकारी शाळा सुधारण्यासाठी सरकारमागे तगादा लावला असता.

दुसरं, वाचलेला पैसा. एक लाख मुलांचे १६,००० रुपये म्हणजे १६० कोटी, तेही एका तुकडीचे, एका वर्षाचे. जागा बंद केल्या तेव्हा ही रक्कम त्या-त्या परिसरातल्या शाळेच्या नावाने राखून ठेवायला हवी होती. प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची शाळा विकास व देखरेख समिती, एसडीएमसी, आहे. तिच्या फलकावर दर जूनमध्ये लिहिता आलं असतं : आपल्या वॉर्डातल्या इतक्या मुलांच्या वाट्याचे इतके रुपये या शाळेला आले, त्यातून एलकेजीची शिक्षिका नेमली, इंग्रजीचा शिक्षक कायम झाला. तो फलक वाचून आई आपल्या मुलाचं नाव घालायला आली असती. पैसा मुलामागे जाण्याचा हा तिसरा अर्थ आहे : मूल जिथे आहे तिथवर पैसा पोचणं.

सरकारी शाळेला जेवण, दूध, अंडी मिळतात याचं मोल मोठं आहे. बंगळुरूत २०००मध्ये ५ शाळांतल्या १,५०० मुलांच्या जेवणापासून अक्षय पात्र सुरू झालं, २०१३पासून राज्यात क्षीरभाग्य योजनेतून दूध मिळू लागलं आणि २०२४पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळू लागली. पोटाची काळजी घेणारी ही व्यवस्था वर्गातल्या शिक्षकाची काळजी घेऊ शकत नाही, असं मानायला मी तयार नाही.

जुन्या नियमाखाली २०१८मध्ये एलकेजीत गेलेली शेवटची मुलं आज बंगळुरूच्या कॉन्व्हेंटमध्ये वरच्या वर्गात आहेत. २०२८च्या उन्हाळ्यात ती आठवी पूर्ण करतील आणि त्या सात तुकड्यांची कहाणी संपेल. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वेळी सोडत नव्हती. ती बहुधा शेजारच्या सरकारी शाळेत गेली, नाहीतर कर्ज काढून छोट्या खासगी शाळेत. एकाच घरातल्या दोन मुलांना राज्याने दोन वेगळे शब्द दिले. थोरल्याला दिलेला शब्द मोडला, तर त्याबद्दल न्यायालयात भांडता येतं. धाकट्याला दिलेला शब्द, शेजारच्या शाळेचा, अजून पाळायचा बाकी आहे. तो पाळला गेला की नाही, हे वॉर्डातल्या त्या शाळेत जाऊन, तिसरा शिक्षक आला का एवढं विचारलं तरी कळेल. हे विचारायला आपण गेलं पाहिजे, आपलं मूल तिथे नसलं तरी.